उंबऱ्यावरची खूण

शनिवार, ७ ऑगस्ट २०२१. मी दारासमोरची पायरी ब्लीचने घासत होते. पार्सलं तिथेच टाकून जातात, त्यामुळे त्या लॉकडाउनमध्ये हे रोजचंच काम झालं होतं.

सासूबाई महिनाभर त्या पायरीपर्यंतही आल्या नव्हत्या. पुण्याच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला. आमच्याकडे सिडनीत टूनगॅबीला आल्या त्याच मुळी परतताना वाकडी वाट करून ट्युनिशियातलं कार्थेज बघायचं ठरवून. मग विमानं बंद झाली आणि त्या इथेच अडकल्या. आता दारात रांगोळी काढणंही सोडलं होतं. फिरायला चला म्हटलं की म्हणत, जायचंय कुठे, आणि येणार तरी कोण? त्यांना घराबाहेर काढायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

म्हणून कार्थेजच्या एका गाइडचा ऑनलाइन दौरा ठरवला. तो मोबाइल घेऊन फिरणार, आम्ही टीव्हीवर बघणार. संध्याकाळी सासूबाई सुती साडी, उन्हाची टोपी आणि पायात चक्क स्पोर्ट्स शूज अशा सोफ्यावर येऊन बसल्या. शेजारी दशम्यांचा डबा. आमच्याकडे चपला-बूट दाराबाहेर राहतात, पण मी टीव्ही लावायला घेतला.

मुलगी म्हणाली, "आजी, वी आर नॉट ॲक्चुअली गोइंग."

"मग दगडधोंड्यांत अनवाणी फिरू का?"

आधी म्युझियम झालं. रोमन मोझेइकपाशी गाइड रेंगाळायला लागला, तसं सासूबाईंनी त्याला शाळेतल्या इंग्रजीत हाकललं: ज्यांचं शहर जाळून यांनी वर आपलं बांधलं, त्यांची घरं दाखव. तो हसत टेकडीच्या उतारावर गेला. प्युनिक, म्हणजे रोमनांच्या आधीच्या कार्थेजकरांच्या वस्तीच्या बुटक्या भिंती, अंगणाखालची पाण्याची टाकी. एका घराच्या दाराशी त्याने फरशीवर बाटलीतलं पाणी ओतलं, आणि लाल जमिनीत पांढऱ्या खड्यांची खूण उमटली. त्रिकोण, त्यावर आडवी रेघ, वर गोल. देवीची खूण, घराच्या रक्षणासाठी, असं त्याने सांगितलं.

सासूबाईंनी वाकून बूट काढले. "कुणाचं तरी घर आहे ना."

गाइडने ते त्याच्या स्क्रीनवर पाहिलं असावं. खुणेवर पाय न देता तो बाजूने आत गेला. त्या रात्री डब्यात एकही दशमी उरली नाही.

रविवारी सकाळी ब्लीचची बादली घेऊन मी दार उघडलं. पायरीवर रांगोळीचा त्रिकोण, आडवी रेघ, गोल. सासूबाई बूट घालून फाटकाशी उभ्या.

"चल, किती वेळ लावतेस?"

मी बादली आत ठेवली, मास्क लावला आणि रांगोळीला वळसा घालून बाहेर पडले.