अकॉर्ड उलटी फिरते

भावांनो, परवा सुरतजवळ सचिन गावात आमच्या गॅरेजात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या दोन जपानी गाड्या शेजारी उभ्या होत्या, कोरोला आणि अकॉर्ड. आमचे मोठे मेकॅनिक, उस्ताद, त्यांनी दोघींना प्लगच्या नव्या वायरी टाकल्या. कोरोला चालू झाली. अकॉर्ड दोन दिवस नुसती खोकत होती. आज तिचा मालक वैतागला, म्हणाला, "वडिलांची गाडी आहे, पण संध्याकाळी भंगारात देतो."

मी दोघींना सेल्फ मारून इंजिनची पुली कुठे फिरते ते बघितलं. कोरोलाचं इंजिन उजवीकडे फिरतं, अकॉर्डचं डावीकडे. आणि वायरी दोन्हीकडे एकाच क्रमाने. म्हणजे अकॉर्डमध्ये ठिणगी चुकीच्या सिलिंडरला जाते, असं मी उस्तादांना म्हणालो.

"आठवी फेल, तू मला शिकवतो?" उस्ताद म्हणाले.

"एकदा क्रम उलटा करून तर बघू द्या."

अकॉर्डच्या वायरी उलट्या क्रमाने लावल्या. पहिल्याच सेल्फला चालू. मालक बोनेटवर हात ठेवून उभाच राहिला.

उस्तादांनी अकॉर्डची चावी माझ्याकडे फेकली. "जा, कामरेजपर्यंत फिरवून आण."

कोरोला भारी की अकॉर्ड, तुम्ही सांगा. मी आज उलटी फिरणारीच्या बाजूने.