दुसऱ्या गिअरवरचा हात

माझं माहेर महाड शहरातलं आणि सासर पोलादपूरच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी. लग्न होऊन आले तेव्हा गिअर म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. चार-पाच वर्षांतच तो शब्द ऐकला की मी हातातलं काम टाकून रस्त्याकडे बघायला लागले. त्याला कारण आमची जीप.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. मी गावच्या शाळेत शिकवत होते. आमच्या ह्यांना शेतीत गोडी नव्हती, गाड्यांत होती. त्यांनी नवी कोरी जीप घेतली आणि पोलादपूरहून कुडपणच्या बाजूच्या वाड्यांकडे जेवढा कच्चा रस्ता होता तेवढ्यावर माणसांची ने-आण सुरू केली. त्याआधी वरचं माणूस आजारी पडलं की डोलीत घालून खाली आणावं लागे. जीप आली आणि ह्यांचा भाव एकदम वधारला. सोयरिकीला, मयताला, बाळंतिणीला, सगळ्याला जीप हवी. हे कुणाला नाही म्हणायचे नाहीत. माझ्या डोक्याला ताप झाला तो ह्याच स्वभावाचा.

जीपला कंपनीची वर्षाची गॅरंटी होती. आमच्याकडे तोवर गॅरंटीची वस्तू म्हणजे सासूबाईंचा स्टोव्ह. हे मात्र तो शब्द देवाचं नाव घ्यावं तसा घ्यायचे. गाडी दगडावर आदळली, "गॅरंटी आहे." धूर जास्त सोडायला लागली, "गॅरंटी आहे." मी म्हणायचे, अहो, कंपनीवाला काय दर वळणावर उभा आहे का? त्यावर हे हसायचे.

वरच्या वाडीची माणसं मुंबईला कामाला. शिमग्याला ती गावी आली तेव्हा येताना जीपसाठी चाकांसकट चार टायर घेऊन आली. चांगले मोठे, जाड नक्षीचे, कुठल्याशा लष्करी गाडीचे असावेत. नारळ फोडला, टायरांना हळदकुंकू लावलं आणि ह्यांना टोपी घालून ते टायर आहेर म्हणून दिले. "मधल्या नाल्यात तुमची गाडी अडकते. आता नाय अडकणार," वाडीतले म्हातारे म्हणाले. आहेर परत कसा करायचा? टायर चढले. मडगार्डला घासायला लागले म्हणून महाडला नेऊन मडगार्डची कड कापून घेतली. गाडी उंच झाल्यावर आणखी चार माणसं बसतील असं कुणीतरी म्हणालं, तर मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवून घेतला. काढलेली चाकं वाया कशाला घालवायची म्हणून हे ती शेजारच्या भावजींना देऊन आले. त्यांनी दोन गोठ्यात ठेवली, दोन बैलगाडीला लावली आणि गावभर मिरवली.

जीप खरोखरच नाल्यातून आरामात जायला लागली. पण महिनाभरात चढावर दुसरा गिअर सुटायला लागला. ह्यांनी टाकायचा, आणि भार आला की गिअरची दांडी खटकन मागे यायची. गाडी तिथल्या तिथे गुरगुरत उभी, कधी हातभर मागे. मागे बसलेल्या बायका किंचाळायच्या. ह्यांनी मग पुढे मधे बसणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, "जरा दांडी धरून ठेवा." थोड्याच दिवसांत सांगावंही लागेना. आमच्या त्या रस्त्यावर रीतच पडली. मधल्या जागेवर जो बसेल त्याने दुसरा धरायचा. पोस्टमन धरायचा, नवऱ्यामुलाचा मामा धरायचा, एकदा तर अंगाची हळद न उतरलेल्या नवरीने धरला होता. सासूबाई सगळ्यांत पटाईत. ह्यांनी दांडी ढकलली की त्यांचा हात वर आलाच. चढ संपला की त्या "सोडते रे" म्हणून सांगायच्या. लोकांना त्याची गंमत वाटायची.

मला वाटायची नाही. शाळेत फळ्यावर लिहिताना मधेच वाटायचं, आता गाडी त्या मोठ्या वळणावर असेल. आता कुणी धरला असेल दुसरा? हात घामाने निसटला तर? संध्याकाळी लांबून इंजिनाचा आवाज आला की मी चुलीपुढून उठून दारात यायचे, आणि हे उतरले की आधी भांडायचे. "आधी गाडी दाखवा." ह्यांचं उत्तर ठरलेलं, "दाखवू, गॅरंटी आहे." आणि दाखवत नव्हते. का, ते मला हळूहळू कळलं. कंपनीच्या माणसाने मोठे टायर बघितले तर तो गॅरंटी नाकारेल ही त्यांना भीती होती. म्हणजे गॅरंटी जाईल म्हणून गॅरंटी वापरायची नाही! असा शहाणपणा मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

वर्ष संपत आलं तेव्हा कुठे हे हलले. कंपनीचा इन्स्पेक्टर महाडच्या एका गॅरेजात येणार असं कळलं होतं. आदल्या दिवशी भावजींची बैलगाडी दगडांवर टेकवली, तिची दोन आणि गोठ्यातली दोन चाकं जीपला लावली आणि मोठे टायर पडवीत ठेवले. बैलगाडीच्या टायरांच्या नक्षीत शेण घट्ट बसलेलं. काथ्याने घासत मी विहिरीपाशी बसले आणि घासताना ह्यांना पुरेसं ऐकवलं. पण घासलं. नवा गिअरबॉक्स मिळावा, रोजची धाकधूक संपावी, याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं.

सुट्टीचा दिवस होता म्हणून मीही गेले. सासूबाईंचा दात दुखत होता, त्यांना महाडच्या डॉक्टरला दाखवायचं होतं. तो दात काढून तोंडात कापूस घेऊन त्या गॅरेजात येऊन बसल्या. इन्स्पेक्टर तरुण होता, बोलायला अगदी मऊ. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि कापलेल्या मडगार्डवरून बोट फिरवलं.

"हे काय?"

"दगडाला घासलं," हे म्हणाले.

"दोन्ही बाजूंना? एकाच मापाचं?"

हे खिशात गाडीचे कागद शोधायला लागले. माझ्या कानशिलातून वाफा निघायला लागल्या. त्याने वाकून पाट्यांकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं, नक्षीतून एक गवताची काडी ओढून काढली आणि टाकून दिली. मग सपाट रस्त्यावर गाडी फिरवून आणली. दुसरा गिअर सुटला नाही! लहान टायरांवर, रिकाम्या गाडीत तो शहाण्या मुलासारखा वागला. आता हा दोष नाही म्हणून लिहून देणार, या भीतीने मीच मधे तोंड घातलं. "चढावर सुटतो हो, भार असताना."

"मग चढावर बघू. घाटाने थोडं वर जाऊ, तिथून मी येईल त्या गाडीने परतेन."

गॅरेजवाल्याने मागे वाळूची पोती टाकली. त्यांच्यात मी बसले. इन्स्पेक्टर चालवायला, कडेला हे आणि मधे सासूबाई. पोलादपूर मागे टाकून महाबळेश्वरच्या घाटाला लागलो. मी पोत्याला गच्च धरून बसले होते. गिअर सुटावा म्हणून मनातून धावा करत होते आणि सुटला तर काय म्हणून घाबरतही होते. दोन्ही एकाच वेळी.

चढ आला. त्याने दुसरा टाकला. आणि सासूबाईंचा हात वर आला. दात काढलेला, तोंडात कापूस, पण हात अगदी जागच्या जागी दांडीवर.

"आजी, हात काढा."

"नको रे बाबा. तू चालव, मी धरलाय."

"का धरलाय?"

"सुटतो तो. धरावाच लागतो."

"कधीपासून सुटतो?"

"ती मोठी टायरं लावली तवापासना," सासूबाई सरळ मनाने म्हणाल्या. "आज ती नाय लावली. पडवीत हायत. ही बैलगाडीची."

हे दरीकडे तोंड करून बसले होते, त्यांची मान लाल झालेली मला मागून दिसत होती. माझे डोळे भरून आले. सगळं वर्ष जी वाट पाहिली ती एका वाक्यात बुडाली. बोलायचं तरी कुणाला? सासूबाई खोटं एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

"आजी, आता हात काढा. मला बघायचंय."

त्यांनी नाखुशीने हात काढला. गाडी अंगभर थरथरली आणि खाडकन दांडी मागे आली. गाडी घसरायला लागली. पोती माझ्या पायांवर आली. त्याने ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, तरी ती जराशी सरकून मगच थांबली. मागचं चाक आणि कठडा यांत किती जागा उरली होती ते मी उतरून पाहिलं आणि परत कधी पाहिलं नाही.

इन्स्पेक्टर ओरडला नाही. रस्त्याकडेला उभं राहून त्याने ह्यांना समजावून सांगितलं. कंपनी टायरच्या मापावर हिशोब करून गिअर कापते. टायर मोठा लावला की चढावर इंजिनाला तेवढाच जोर पुरत नाही, आणि तो सगळा ताण गिअरच्या दात्यांवर येतो. वर पाटे वाढवून माणसं भरली. दाते झिजले, गिअर धरेना. "त्यात महिनोन्महिने हाताने धरून चालवलीत, म्हणजे उरलेले दातेही गेले. हा दोष कंपनीचा नाही. मला गॅरंटीत बसवता येणार नाही." मग म्हणाला, "आणि गिअरबॉक्स उघडल्याशिवाय ही गाडी माणसं भरून चालवू नका. कृपा करा." खाली जाणारी एसटी आली, त्याने हात केला आणि तो गेला.

आम्हालाही ती एसटी मिळाली असती. पण हे म्हणाले, मी आणतो खाली. आम्ही बसलो. ह्यांनी किल्लीला हात लावला. खाली वळणं दिसत होती. मी वाट पाहत होते, आता म्हणतील, काही होत नाही. ते म्हणाले नाहीत. त्यांचा हात किल्लीवरच राहिला. मग म्हणाले, "उतरा. चालत जाऊ."

चाकांखाली दगड लावले आणि आम्ही उतार चालायला लागलो. सासूबाई पुढे, पदराने गाल धरून. "मी काय वाईट बोलले गो?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, नाही, बरोबर बोललात.

बरंच चालल्यावर हे माझ्या बाजूला आले. "मला वाटायचं, गॅरंटी आहे म्हणजे काही होणारच नाही," ते म्हणाले. आणि हळूच विचारलं, "तू हे वर्षभर कसं काढलंस गं?"

लग्नानंतर त्यांनी मला असं काही पहिल्यांदाच विचारलं होतं. गॅरंटी होती तोवर आमच्या घरात घाबरण्याचं काम एकट्या माझ्याकडे होतं. मी सांगायला सुरुवात केली, फळ्यापासून, मोठ्या वळणापासून, चुलीपासून. रडत होते आणि बोलत होते, आणि घर येईपर्यंत थांबले नाही. त्यांनी मला एकदाही अडवलं नाही.