माईंचा चिमटा

सोमवारच्या उपवासाला दुपारी निजायचं नाही, हा माझा जुना नेम. तरी देवघरासमोर बसल्या बसल्या जपमाळ बोटांत मंदावते. देवीच्या चांदीच्या टाकावर मी दोन ओल्या पाकळ्या लावून ठेवल्या आहेत. उजवी पडली तर सुंठीचं ऑपरेशन, डावी पडली तर नाही. कालपासून एकही पडलेली नाही. सुंठी, आमची मांजर, टोपलीत मागचे पाय टाकून पडली आहे. माडावरून पडली, मणका मोडला, आतला मज्जारज्जू दाबला गेला. आज संध्याकाळपर्यंत सांगा, नंतर हात लावून उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणालेत.

डोळे मिटतात, आणि टोपलीशी माई बसलेल्या दिसतात. माई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. सुंठी मुळात त्यांचीच.

"किती माळा झाल्या?" त्या विचारतात.

"सात."

"माझ्या वेळी एकवीस केल्या होत्यास. मांजराला सातच होय?"

फरशी थंडगार लागते. बघते तर स्टीलचं टेबल, वर पांढरा दिवा. सुंठीच्या पाठीवरचे केस पट्टीभर काढलेत. माई उघड्या हातांनी कातडी बाजूला करतात आणि हाडाची बारीक कपची उचलून दाखवतात.

"एवढंच बघ. तांदळाएवढं. एवढंच काढायचं असतं."

"माई, तुम्हाला शेवटी फार दुखत होतं का?"

"दुखत होतं तोवर बरं होतं, कुंदे. मग दुखायचंच थांबलं. तू म्हणालीस, देवीने गुण दिला."

म्हणाले होते. त्यांच्या ऑपरेशनसाठीही पाकळ्या मीच लावल्या होत्या. तीन दिवस वाट पाहिली होती.

टेबलावर आता सुंठी नाही. मी आहे, पालथी. माई माझ्या पायांशी जातात.

"डॉक्टर मांजराचं बोट चिमट्यात धरतात," त्या हळू सांगतात. "मान वळवून बघितलं तर आशा. नाही बघितलं तर मग सुरी कशाला? बघू, तुझं काय म्हणतंय."

"माई, नको."

"कळतंय का?"

मला काहीच कळत नाही.

"आता?"

त्या जोर लावताहेत, हे मला फक्त त्यांच्या बांगड्यांच्या आवाजावरून समजतं.

मग कळ एकदम मस्तकात जाते आणि मी जागी होते.

तीन वाजलेत. पाकळ्या जिथल्या तिथे. मी सुंठीच्या मागच्या पायाचं बोट नखांत धरून दाबते. ती समोरच बघत राहते. आणखी दाबते. फार वेळाने तिची मान थोडी वळते.

मी डॉक्टरांना फोन लावते. "करा ऑपरेशन. उशीर नाही ना झाला?"

"कालच आणायची होती, काकू. आता निघा लगेच."

टोपली घेऊन चपलेत पाय घालते तर पाऊल टेकवत नाही. उजव्या पायातलं जोडवं दोन्ही बाजूंनी चेपून बोटात रुतलं आहे. काढू म्हटलं तरी निघत नाही.