चुंबक घसरलेलं मडगार्ड

आमच्या भाऊजींचा, म्हणजे ताईच्या यजमानांचा, सूर्यावरसुद्धा पुरता भरवसा नाही. तो उगवला की पवनीच्या घराच्या ओसरीत उभे राहून आधी घड्याळ बघतात आणि मगच ‘हं’ म्हणतात. आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला तेव्हा सगळे नव्या नकाशाबद्दल बोलत होते, यांनी विचारलं, "आपल्या वाटनीचे तलाव कोनी मोजून घेतले काय?" दूधवाल्याशी ते बोलतात तेही दुधाकडे बघत. आणि मी त्यांचा सख्खा साळा, पण माझ्या हातचं पान परवापरवापर्यंत उलगडून बघितल्याशिवाय तोंडात घालत नव्हते. कधी कधी अशी चीड यायची म्हणून सांगू!

अशा माणसाला अड्याळच्या त्यांच्या थोरल्या भावानं, दादांनी, स्वतःची जुनी पांढरी गाडी वापरायला म्हणून अशीच देऊन टाकली. झालं! "सख्खा भाऊ झाला तरी फुकट काहून देते?" जुन्या रेडिओच्या स्पीकरातलं चुंबक फडक्यात गुंडाळून भाऊजींनी गाडीवरून फिरवलं. पत्रा असला की ते चिकटायचं. डाव्या पुढच्या मडगार्डवर मात्र ते सरळ घसरून खाली पडलं. म्हणजे रंगाखाली पोचा बुजवायची पुट्टी, म्हणजे अपघात, म्हणजे दादानं फसवलं! दोन वर्षं भाऊजी भावाशी बोलले नाहीत. दादांच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलं, पत्रिका आली, तरी यांचं एकच: "पयले रंग खरवडतो, पुरावा काढतो. मंग ठरवू जायाचं का नाई."

ताई रडकुंडीला आली. तिच्याच मांडीवर वाढलेली पुतणी ती. मी गाडी पेंटरकडे द्या म्हटलं, तर मलाच दरडावलं, "पेंटर दादाच्या वळखीचा निंगाला तं?" म्हणून अंगणातच सुरुवात झाली. रंग काढायच्या रिमूव्हरच्या डब्यावर हाताला लावू नये असं लिहिलं होतं. "लिवलेलं सारंच खरं रायते काय?" असं म्हणून यांनी मनगटावर थेंब लावून बघितला आणि मग अर्धा तास नळाखाली हात धरून बोंबलत बसले. त्यानंतर मात्र हातमोजे घालून ब्रशनं रिमूव्हर लावायचा, वर पॉलिथिन टाकायचं आणि रंग पापडासारखा फुगला की पत्र्याच्या पट्टीनं खरवडायचा. मी पाणी मारून पॉलिश पेपर घासत होतो. बॉनेट झालं, दरवाजे झाले, खाली सगळा पत्रा स्वच्छ. जसजसा पत्रा चांगला निघे तसतसे भाऊजी जास्तच अस्वस्थ व्हायचे. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी मडगार्डला हात घातला.

पुट्टीची ढेकळं निघाली. खाली हा एवढा पोचा! "पाहा! मी सांगून राहिलो होतो का नाई?" भाऊजी अंगणभर नाचले. ताई पदराला हात पुसत बाहेर आली, पोच्याकडे बघत उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "अवो, याची उंची मापा. आन मंग आपल्या फाटकाचं बिजागर मापा. ते अजून वाकडंच हाय."

भाऊजींचा चेहरा उतरला. गाडी दादांकडे होती तेव्हा ते एकदा इथं ती ठेवून दिवसभरासाठी नागपूरला गेले होते, आणि हे तेवढ्यात चालवायला शिकत होते. फाटकातून आत घेताना खाडकन आवाज झाला. यांनी उतरून बघितलंही नाही; ती बाजू भिंतीकडे करून गाडी लावली आणि फाटकाला बैलानं धडक दिली असं सगळ्यांना सांगितलं. पुढं गाडी यांच्याकडे आली तेव्हा ती बाजू गुळगुळीत, म्हणून काही झालंच नव्हतं अशी स्वतःची समजूत घातली. जगावर संशय घेणाऱ्या माणसाला स्वतःचा तेवढा संशय आला नाही!

टेप न लावताच ते पायरीवर बसले. "त्यानं मले एका शब्दानं इचारलं नाई," एवढंच म्हणाले.

रंगवायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही तशीच खरवडलेली, भुंडी गाडी घेऊन अड्याळला गेलो. मांडवाच्या दारात दादांनी आधी भावाकडे, मग पोच्याकडे बघितलं. भाऊजी काही बोलणार तोच ते म्हणाले, "नवरी याच गाडीत जाईन." आणि पोराबाळांना बाजूला सारून झेंडूची माळ स्वतःच्या हातानं मडगार्डवर बांधू लागले. "एकडाव झाकलं, आनखी एकडाव झाकतो. रडून काय राहिला बे, लोक पाहून राहिले ना!"

दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाडी पुढं भाऊजींनी पांढरीशुभ्र रंगवली, पण तेवढं मडगार्ड सोडून. त्याला गंज चढू नये म्हणून दर रविवारी तेलाचा बोळा फिरवतात. परवा मी म्हटलं, आता तेवढंही रंगवून टाका की.

"पेंटर लोकायचा भरवसा नाई," पोच्यातून बोळा फिरवत भाऊजी म्हणाले. मी दिलेलं पान त्यांनी तसंच, न उलगडता, तोंडात टाकलं होतं.