शकुताईचे शंभर वार

मुलुंडमध्ये, कारखान्यांच्या मागच्या सरळसोट रस्त्यावर शकुताई गायसमुद्रेचं पान-बिडीचं दुकान आहे. नवा नियम निघाला की बाकीच्या पानवाल्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. शकुताईच्या घरी मात्र सण! गुटख्यावर बंदी आली, त्याच संध्याकाळी तिने पुड्यांच्या माळा उतरवल्या. सुटी सिगारेट विकायची नाही असं ठरलं, तर "पाकीट घ्या, नाहीतर सिगारेट सोडा," असं तिने जुन्या गिऱ्हाइकांना तोंडावर सांगून टाकलं. दोरीला टांगलेला लायटरही कापून काढला. एकदा तर सिगारेट मागायला आलेल्या कोवळ्या चेहऱ्याच्या एका नवरदेवाकडे तिने वरातीतच वयाच्या खात्रीसाठी आधार कार्ड मागितलं. सासुरवाडीच्या माणसांसमोर बिचारा लालबुंद झाला.

याला कारण होतं. नवरा होता तेव्हा दुकानासमोर कुणी साहेबासारखं दिसणारं माणूस थांबलं, की तो आधी हात जोडायचा, मग काय हवंय ते विचारून फुकट द्यायचा. मागे उभी राहून शकुताई जळफळायची. तो गेला आणि दुकान तिच्या हाती आलं, त्याला आता सोळा वर्षं झाली. कागद चोख ठेवायचे आणि ताठ मानेनं बसायचं, हे तिने तेव्हाच ठरवलं होतं.

यंदा रस्त्याच्या टोकाला नवी शाळा उभी राहिली आणि शकुताईची झोप उडाली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, हे तिला तोंडपाठ होतं. आणि दुकानाच्या धंद्यातला पाऊण हिस्सा सिगारेट-बिडीचाच.

"यार्ड म्हणजे किती रे?" तिने शेजारच्या झेरॉक्सवाल्या राजेशला विचारलं.

"वार गं. तीन फूट."

"मग एवढंच ना? घरात नऊ वार पडलेत माझ्या!"

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी, रस्त्यावर गाड्या सुरू व्हायच्या आत, तिने सासूबाईंचं सुती नऊवारी लुगडं आणलं. एक टोक राजेशने शाळेच्या भिंतीला टेकवून धरलं, दुसरं तिने ताणलं, खडूने खूण केली, पुन्हा पुढे. बरोबर बाराव्या लुगड्याला दुकानाची पायरी आली.

"एकशे आठ!" शकुताई भर रस्त्यात ओरडली. "झकास! आठ वार वरच!" त्या दिवशी तिने अख्ख्या गल्लीला पेढे वाटले.

शाळा सुरू झाली आणि तिसऱ्याच आठवड्यात तपासणी आली. तपासनीस मनाली मॅडम, सोबत एक शिपाई आणि तीस मीटरची टेप. शकुताईने परवाना, बोर्ड, पाकिटांवरची चित्रं, सगळं विचारायच्या आधीच दाखवलं. मॅडमना शेरा मारायला जागाच सापडेना. तोवर बघ्यांची गर्दी जमली होती.

"आता अंतर," मॅडम म्हणाल्या. शिपायाने शाळेच्या फाटकापासून टेप लावली. फाटक भिंतीच्या पलीकडच्या टोकाला होतं. आकडा आला एकशे चार मीटर. शंभर यार्ड म्हणजे मीटरमध्ये साडेएक्क्याण्णवसुद्धा नाहीत. राजेशने शिट्टी मारली. मॅडमनी पेन उघडलं.

"मॅडम, चुकतंय तुमचं," शकुताई म्हणाली. "फाटकापासून नाही मोजायचं. भिंतीपासून. नियमात तसंच आहे."

गर्दीने कपाळावर हात मारला. शकुताई मात्र खुशीत होती. एकशे आठ वारांची खात्री असलेल्या बाईला कसली भीती? उद्या कुणी तक्रार केलीच, तर आकडा पक्का असलेला बरा.

शिपायाने भिंतीला टेप टेकवली. तीस झाले. साठ झाले. नव्वदची खूण पायरीच्या अगदी जवळ पडली, तशी शकुताई पुढे धावली. तिने स्वतः खाली बसून टेप पायरीला लावली.

नव्वद मीटर, पन्नास सेंटिमीटर. म्हणजे शंभराला एक वार कमी!

"असं कसं? मी एकशे आठ मोजलेत!" ती किंचाळली, आणि पुढच्याच क्षणी तिचा चेहरा पडला. चाळीस वर्षं धुतलेलं, पिळलेलं, दगडावर आपटलेलं सुती लुगडं ते. आटून आटून जेमतेम सव्वाआठ वार उरलं असेल. नऊवारी म्हणजे नऊ वार, एवढंच धरून तिने नियमाची फूटपट्टी केली होती!

"मॅडम, आधीचाच आकडा लिहा ना," राजेश मध्ये पडला. "एका वाराने कुणाचं काय बिघडतंय?"

मॅडमनी शकुताईकडे पाहिलं. सगळा रस्ता शकुताईकडे पाहत होता.

तिने फळीकडे पाहिलं. पाऊण धंदा! पण त्याचबरोबर अंगात काहीतरी सळसळत वर चढत होतं, आणि ते रडू नव्हतं.

"भिंतीपासूनचा लिहा," ती म्हणाली.

"येडी झालीस का गं शकुताई! वाट लागेल ना दुकानाची!" राजेश ओरडला.

"लागू दे. एका वारासाठी मी जन्मभर घाबरत बसू?"

ती पायरी चढली आणि तिने फळीवरची पाकिटं स्वतःच्या हाताने खोक्यात भरायला घेतली. सिगारेटी गेल्या, बिड्यांचे कट्टे गेले, तंबाखूचा डबा गेला. दहा मिनिटांत फळी रिकामी. मॅडमनी कागद पुढे केला, तेव्हा तिने पूर्ण नावाने सही ठोकली. सही सरळ आली.

"ताई, तुमच्यासारखं दुकान मी अजून पाहिलं नाही," मॅडम हळूच म्हणाल्या.

"दुकान अजून आहे, मॅडम. पान खाता का? गोड, बिनतंबाखूचं." तिने पाण्यातून विड्याचं पान काढून फडक्याने पुसलंसुद्धा. "पंचवीस रुपये होतील. साहेबांना फुकट द्यायची पद्धत इथे नाही."

मॅडम खळखळून हसल्या आणि त्यांनी पर्स उघडली.