पलंगाखालचा टर्बो

आमच्या मुलीच्या होणाऱ्या सासूबाईंनी आमच्या गाडीचा टर्बो आठवडाभर पलंगाखाली पिकत घातला होता. त्यात त्यांची काडीचीही चूक नव्हती. तसं करा म्हणून मीच त्यांच्या घरी फोन करून सांगितलं होतं, आणि मी एखादी गोष्ट सांगायला लागलो की ऐकणाऱ्याला शंका घ्यायला जागाच उरत नाही. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवल्याचा हा परिणाम!

(टर्बो म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: शंखाच्या आकाराचं एक लोखंडी प्रकरण. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर ते फिरतं आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. मग गाडी सुसाट पळते. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा कंस वाचला नाही असं समजावं.)

गाडी आली चिपळूणहून. एका ओळखीच्या गृहस्थांची होती. दिसायला देखणी, पळायला अव्वल, पण पुरात खिडक्यांपर्यंत बुडून निघालेली. इंजिन गच्च बसलेलं. ते गृहस्थ ती भंगारात घालणार होते. मी म्हटलं, "मला द्या." त्यांनी इतक्या झटकन दिली की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

"हे काय आणलंत?" आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुलभानं, पायरीवरूनच विचारलं.

"गाडी."

"मग टेम्पोतून का उतरतेय?"

मी तिला शांतपणे समजावलं. इंजिन मी स्वतः उघडणार. झिजलेलं सगळं बदलणार. वर मूळच्यापेक्षा मोठा टर्बो बसवणार. मग ही गाडी हातखंब्याच्या चढावर अशी जाईल की मागच्यांना नुसता नंबर दिसेल.

"अहो, गेल्या वर्षी तुम्ही मिक्सर उघडला होतात."

"त्याचं काय?"

"तो अजून उघडाच आहे."

अशा बोलण्यानं खचून जाणारा मी नव्हे. फळ्यावर इंजिनाची आकृती काढण्यात माझा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कुणी नव्हता. आकृती डोळे मिटून येते तर इंजिन उघड्या डोळ्यांनी का येणार नाही? शिवाय मोबाइलवर एक परदेशी गृहस्थ हेच काम हसत खेळत करून दाखवत होते. त्यांची भाषा मला निम्मी कळत होती, पण त्यांचा आत्मविश्वास पूर्ण कळत होता.

मदतीला लांज्याहून मेहुण्याला बोलावलं. बाळूचा काजूचा धंदा, त्यामुळे यंत्रांशी त्याची ओळख आहे असं मी गृहीत धरलं. अंगणातल्या फणसाच्या फांदीला चेन-कप्पी बांधून आम्ही इंजिन गाडीतून वर उचललं. दोन्ही बाजूंना फणस लगडलेले आणि मध्ये आमचं इंजिन लोंबकळतंय!

"भावोजी, ह्या झाडाला औंदा भलतंच फळ लागलंय हां!" बाळू म्हणाला.

"चेन धर नीट!"

"धरलीय ओ. पण फांदी कुणी धरलीय?"

फांदीनं मात्र बाळूपेक्षा जास्त साथ दिली.

आता सुटे भाग ठेवायचे कशात? रत्नागिरीत हा प्रश्न कुणालाच पडत नाही. आमच्याकडे कपाट नसलं तरी चालतं, आंब्याची पेटी असते. पेटीत आंबे असतात, जुनी पुस्तकं असतात, एखादीत मांजर व्यालेली असते. मी पिस्टन एका पेटीत ठेवले, नटबोल्ट दुसरीत. नवा टर्बो आला तो मात्र खास माल! खाली गवत पसरलं, टर्बो ठेवला, शेजारी धुराच्या नळ्यांचा ओतीव लोखंडी जोड ठेवला, वरून पुन्हा गवत, आणि धूळ जाऊ नये म्हणून वरच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकून टाकल्या. अंगणात धूळ होती, म्हणून पेटी माजघरात नेली. माजघरात सुलभानं आंब्याची अढी घातली होती आणि शेजारी पाठवायच्या पेट्या रचल्या होत्या. माझी पेटी त्या रांगेत इतकी शोभून दिसली की मला माझंच कौतुक वाटलं.

त्याच सुमारास पुण्याहून मृण्मयीचा फोन आला. आमची एकुलती एक लेक तिथे नोकरी करते. तिनं आणि अनिकेतनं एकमेकांना पसंत केलं होतं आणि आता अनिकेतचे आईवडील आमचं घर बघायला, माणसं बघायला येणार होते. त्यांच्या मनासारखं झालं तर बोलणी पुढे जाणार होती.

"बाबा, त्यांना स्टेशनवरून आणायला रिक्षा सांगा हं."

"रिक्षा? मी स्वतः बांधलेल्या टर्बो गाडीतून त्यांना आणणार!"

मग तिनं विचारलं, "आई आहे का जवळ?"

आईनं फोन घेतला, ऐकलं, ठेवला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "हे बघा, पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा आपल्याकडे काही मागितलंय. अनिकेत फार चांगला मुलगा आहे आणि तिचा जीव आहे त्याच्यात. त्या लोकांसमोर तमाशा नको."

"तमाशा कसला? रुबाब म्हण!"

दुसऱ्या दिवशी पुण्याला जाणारा टेम्पो दारात आला. सुलभा स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, कोपऱ्यातली पेटी अनिकेतच्या घरची! तेवढी द्या!" मी कोपऱ्यातली पेटी उचलली. कुठल्या कोपऱ्यातली हे विचारण्याइतका मी परावलंबी नव्हतो. पेटी टेम्पोत ठेवताना तिच्यावर थाप मारून ड्रायव्हरला म्हटलंही, "वजन बघ! फळ म्हणजे फळ आहे!"

आणि संध्याकाळी अनिकेतच्या वडिलांना मी स्वतः फोन लावला. पुण्याच्या लोकांना हापूस खाता येतो, पिकवता येत नाही, हे माझं जुनं मत. मी त्यांची पूर्ण तासिकाच घेतली.

"पेटी उघडायची नाही. पलंगाखाली ठेवायची. वर गोणपाट टाकायचं. मधेच पट्टी काढून डोकावलात तर हवा लागून फळ बिघडतं. घरभर वास सुटला की मगच उघडायची!"

"बरं बरं. आणि वास नाही सुटला तर?"

"सुटणार! माझी जबाबदारी!"

इकडे इंजिन नव्या रिंगा घालून, चोळूनपुसून पुन्हा गाडीत बसलं. बाळूसुद्धा थक्क झाला. पाहुणे यायला चारच दिवस उरले होते आणि काम उरलं होतं फक्त टर्बोचं. हात धुऊन, नवा नॅपकिन खांद्यावर टाकून मी माजघरातून पेटी आणली. बाळूला म्हटलं, "आता बघ, याला म्हणतात इंजिनिअरिंग!" आणि पट्टी उचकटली.

आत हापूस होते. पिवळेधमक, पिकून अगदी तयार!

"भावोजी," बाळू वाकून वास घेत म्हणाला, "टर्बो पिकला ओ."

मी घर डोक्यावर घेतलं. माझ्या सामानाला हात कुणी लावला? माजघर ही काय धर्मशाळा आहे? बाळूनं सगळ्या पेट्या उघडल्या, एकीतून मांजर निघालं. सुलभा पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिनं एवढंच विचारलं, "टेम्पोत पेटी कुणी चढवली होती?"

यावर मी पाणी मागितलं.

"आत्ताच्या आत्ता फोन करून खरं सांगा," सुलभा म्हणाली.

"खरं सांगितलं तर ते काय म्हणतील? मुलीचा बाप वेडा आहे?"

"ते कधीतरी कळणारच आहे. आधी कळलेलं बरं."

"तू घाबरू नकोस. मी सांभाळून घेतो."

मी फोन लावला आणि सहज आवाजात विचारलं, "काय म्हणतोय आंबा?"

"अहो, कमाल आहे!" अनिकेतचे वडील म्हणाले. "आम्ही दोघं रोज आळीपाळीनं पेटीला नाक लावतो. वास येतो, पण जरा ग्रीससारखा येतो. ही वेगळी जात आहे का?"

"त्या झाडाखाली पाण्याचा पंप आहे," मी म्हणालो. (आयत्या वेळी सुचणं ही देणगी असते.) "मुळं ओढून घेतात तेल. तुम्ही एक करा, पेटी न उघडता तशीच घेऊन या. मी बदलून देतो."

"छे छे, एवढ्यासाठी कशाला..."

"नाही, नाही! आमच्या बागेच्या नावाचा प्रश्न आहे!"

फोन ठेवला आणि विजयी मुद्रेनं सुलभाकडे पाहिलं. ती देवघरात जाऊन बसली होती.

ठरलेल्या दिवशी मी पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेलो, रिक्षानं. मृण्मयी आदल्या दिवशीच आली होती. टर्बोची हकिगत तिला सांगायची नाही असं मी सुलभाला बजावलं होतं. गाडी अंगणात निळ्या ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. पाहुणे आगगाडीतून उतरले ते पेटी छातीशी धरूनच. "गाडीत कुणाला हात लावू दिला नाही हं," अनिकेतच्या आई म्हणाल्या. माणसं इतकी सरळ आणि लाघवी की मला क्षणभर स्वतःचीच लाज वाटली. पण योजना पक्की होती: पाहुणे चहाला बसले की बाळू पेटी मागच्या दारानं नेणार आणि बदलीची पुढे आणणार.

घरी आल्यावर बाळूनं पेटीला हात घातला मात्र, अनिकेतचे वडील उठले. "थांबा हो! मला बघायचंय हा का पिकला नाही ते. आठवडाभर वर झोपलोय मी त्याच्या!"

"आधी चहा घ्या," मी म्हणालो.

"एकच मिनिट." आमच्या घरात त्या दिवसांत जिथे हात जाईल तिथे स्क्रूड्रायव्हर सापडत होता. त्यांनाही सापडला. खिळे कुरकुरले, पट्टी निघाली, गवत बाजूला झालं.

मी चहाचा कप त्यांच्यापुढे धरला.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"टर्बो," मी म्हणालो, आणि दुसरं काहीच सुचेना म्हणून पुढे शिकवतच गेलो, "धुराच्या दाबामुळे आतलं चक्र फिरतं आणि..."

"आम्ही आठवडाभर ह्याचा वास घेत होतो?" अनिकेतच्या आईंचा आवाज बारीक झाला होता. "आमच्या जाऊबाईंनासुद्धा बोलावून वास घ्यायला लावला. मुलीकडच्यांनी लोखंड पाठवलं आणि वर आंब्याची गोष्ट सांगितली? आमची चेष्टा केलीत?"

आतून मृण्मयी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली होती. तिनं पेटी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. तिचा रंग उडालेला बघून मी पहिल्यांदाच खरोखर घाबरलो. गाडी, टर्बो, रुबाब, सगळं गेलं चुलीत. पोरीचं ठरत आलेलं लग्न मी माझ्या हातानं मोडलं होतं. "चूक माझी आहे हो," असं काहीसं मी पुटपुटलो, पण ते माझं मलाच ऐकू आलं.

मृण्मयीनं ट्रे खाली ठेवला.

"काकू, चेष्टा नाही. बाबांच्या हातून पेट्या बदलल्या असणार आणि मग घाबरून त्यांनी थाप मारली असणार. ते नेहमी असंच करतात. तुम्ही बसा, पोहे गरम आहेत. बाळूमामा, पिकलेली पेटी आण आणि काकांना विळी नको, सुरी दे. आई, तू जरा बस, सकाळपासून उभी आहेस. बाबा, हात धुवा, तुमच्या कोपरापर्यंत काळं लागलंय. आणि टर्बोच्या जोडात बसवायचं पॅकिंग गवतात असेल, ते हरवू नका, नाहीतर परत महिनाभर गाडी ताडपत्रीखाली!"

सगळ्यांनी सांगितलं तसं केलं. मीसुद्धा! हात धुऊन आलो तर अनिकेतचे वडील आंबा कापत टर्बोचं चक्र बोटानं फिरवून बघत होते, आणि त्यांच्या पत्नी मृण्मयीकडे एकटक बघत होत्या.

"गेली किती वर्षं चाललंय हे असं?" त्यांनी तिला विचारलं.

"मला कळायला लागल्यापासून," मृण्मयी म्हणाली.

त्या सुलभाकडे वळल्या. "आमच्याकडून होकार समजा. घर बघायला आलो होतो, पण आता बघायचं काही उरलं नाही. ह्या घरात राहून जिनं डोकं शांत ठेवलं, तिला आमच्याकडे कसलाच त्रास व्हायचा नाही."

सुलभानं पदर डोळ्यांना लावला. ती रडतेय की हसतेय ते मला कळलं नाही आणि विचारायची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि व्याह्यांनी मिळून टर्बो बसवला. गाडी सुरू झाली, आणि परतताना त्यांना स्टेशनवर मीच सोडलं. (वाटेत ती बंद पडली, पण उतारावर, त्यामुळे त्यांना कळलं नाही.) लग्नाला आता महिना राहिलाय. निमंत्रण देताना मी प्रत्येकाला छाती पुढे काढून सांगतो, की हे लग्न जमलं ते केवळ माझ्यामुळे. सुलभासुद्धा अगदी हेच सांगते. फक्त सांगताना ती कपाळाला हात लावते.