फरक किती चालते?

माझा शेजारी यवतमाळात घरी बसून कापसाच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर तपासतो. दशांशातली उत्तरं तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून त्याने तपासणीतून 'समान' हा शब्दच काढून टाकला. 'जवळपास' म्हणायचं आणि किती फरक चालेल तेही सांगायचं. नाहीतर त्याची तपासणी पुढे सरकत नाही.

माणसांनाही तोच नियम. मी "पाचला येतो" म्हटलं, की लगेच, "पाच म्हंजे किती मांगंपुढं? फरक किती चालते, ते सांग ना!"

परवा त्याच्याकडे गोळाभात होता. त्याच्या आईचे गोळे जिभेवर विरघळायचे. हे दातांना दाद देईनात.

"आईसारखा जमला का जी?" त्याच्या बायकोने त्याला विचारलं.

मी चावायचा थांबलो.

त्याने तिच्याकडे पाहिलं. "सेम टू सेम," तो म्हणाला. "फरक शून्य."